डाव्या कप्प्यातलं चंदन

मी अत्तराची एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. धानोऱ्याकडच्या सागाची. ब्रह्मपुरीच्या बिरजू सुताराने मला घडवलं आणि पोटात दोन कप्पे पाडले. डाव्यात चंदन, उजव्यात देवदार. दोन्ही लाकडांचेच वास, पण स्वभावाने दोन टोकं. चंदन मऊ, अंगावर हलकेच बसणारं. देवदार करकरीत, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखा, काहींच्या थेट डोक्यात जाणारा. तेल मात्र दोघांचंही फिकट पिवळं.

माझे मालक नईमभाऊ मला आठवडी बाजारात मांडतात. कुप्यांवर चिठ्ठी लावायची नाही, हा त्यांच्या घराण्याचा तोरा. अत्तरवाल्याचं नाक कशाला असतं मग? लोक त्या नाकाची तारीफ करायचे. साग फुगत नाही म्हणतात, पण मी तेव्हा फुगायचे.

यंदा तापातून उठल्यावर त्यांना वास येणंच बंद झालं. त्यांनी घरी बायकोला, सुलतानाबाईंनाही सांगितलं नाही. अत्तरवाल्याला वास येत नाही हे कळल्यावर गिऱ्हाईक कशाला थांबेल? कप्पा पाहून ते कुपी काढायचे, कापसाचा फाया नाकाशी न्यायचे, डोळे मिटून मान डोलवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा जीव मात्र सारखा टांगणीला.

एका बाजारच्या सकाळी सुलतानाबाईंनी मला मायेने पुसलं. परत ठेवताना कुप्यांची अदलाबदल झाली.

त्याच दिवशी कमळाबाई आल्या. धान पिकवणाऱ्या, फार जुन्या गिऱ्हाईक.

"भाऊ, पोराचं लगन हाय. सुनेले दमा हाय, उग्र वासानं तिचा दम कोंडते. तुमीच निवडून द्या."

नईमभाऊंचा हात डाव्या कप्प्यात गेला. मी आतून ओरडत होते, पण लाकडाला कुठलं तोंड! फाया भिजला, नाकाशी गेला, मान डोलली.

"घ्या, चंदन."

कमळाबाईंनी वास न घेताच कुपी पदराला बांधायला घेतली. "मागं उदबत्तीच्या धुरानं तिले दवाखान्यात न्या लागलं. म्हणून तुमच्यापाशीच आली."

नईमभाऊंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आताही गप्प बसतात की काय.

"थांबा बाई. मले वासच नाई येऊन राह्यला. बुखार आला तवापासून. तुमीच हुंगून पाहा."

कमळाबाईंनी हुंगलं आणि नाक मुरडलं. "हा तं उग्र हाय." मग दुसरी कुपी हुंगून ती पदराला बांधली. पहिली त्यांनी स्वतःच माझ्या उजव्या कप्प्यात ठेवली. "याची जागा इथी ना? पाहून हाय मी. पण भाऊ, आधी सांगतलं काऊन नाई?"

नईमभाऊ खाली मान घालून माझं झाकण पुसत राहिले.

गोष्ट पसरली तशी काही गिऱ्हाइकं तुटली. सुलतानाबाई आता बाजारात शेजारी बसतात. नईमभाऊ सवयीने फाया नाकाशी नेतात, मग त्यांच्याकडे वळवतात. त्यांनी मान हलवेपर्यंत माझा जीव अजूनही वरखाली होतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जरूर पुसा, पण ज्याची कुपी त्याच्या कप्प्यात ठेवा. आणि काही चुकतंय असं वाटलं तर बोला. मला सगळं कळत होतं, पण तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.