'बारा तास'वाल्या वाल्मिकचा माइक

मी वाल्मिकचा माइक. माझ्या जाळीला पोचा पडलाय, वायरवर दोन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलीय, पण मला अजून स्पष्ट ऐकू येतं.

वापीच्या दुकानातून आणल्यावर वाल्मिकने मला पहिल्यांदा धरलं ते आईपुढे, सिल्वासातल्या आमलीच्या चाळीत.

"माय, काहीतरी बोल ना."

आक्काबाई लाजल्या. "भाकर खाई ले," एवढंच म्हणाल्या.

शिरपूरकडची ही मायलेकरं. वाल्मिक जवळच्या मसाटला सूत वळणाऱ्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीला जायचा. तिथे मशीनचा आवाज इतका, की शेजारच्याशी खुणेने बोलावं लागे. कामगार कानात सुताचे बोळे कोंबत.

त्यावरच त्याची गाणी होती. गाणी कसली, अहिराणी-हिंदी मिसळून तो धाडधाड बोलायचा. मागे ललितची गिटार किंचाळायची, निलेश ड्रम बडवायचा. बँडचं नाव 'बारा तास'. पोरं त्याला रॅप-रॉक म्हणत, आक्काबाई भांडण म्हणत.

आमलीत गणपतीपुढे पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा पाळीवरून सुटलेली माणसं डबे हातात घेऊनच नाचली. मग वापी, सुरत, धुळे. धुळ्यात एका म्हाताऱ्याने स्टेजवर येऊन वाल्मिकच्या तोंडावरून हात फिरवला. त्या दोन वर्षांत माझ्या जाळीला त्याच्या थुंकीचा वास कायमचा लागला. मला तो आवडायचा.

मग वाल्मिक सारखा विचारू लागला, "काय म्हनस?"

डॉक्टरांनी सांगितलं, "कानाची नस गेलीय. जे गेलं ते परत येणार नाही. मशीन सोडा, हा बँडही सोडा, तर उरलेलं टिकेल."

त्याने पॅकिंग खात्यात बदली मागितली. सुपरवायझर म्हणाला, "पॅकिंग तो सबको चाहिए." मशीन सुटली नाही. आणि बँड त्याने सोडला नाही. ललितला, निलेशला तर त्याने सांगितलंही नाही. लाकडी स्टेजवर तो चपला काढून उभा राहायचा आणि ड्रमचा ठोका तळपायांनी ओळखायचा. मला वाटायचं, जमतंय.

नाशिकच्या कॉलेजात स्टेज सिमेंटचं निघालं.

तो दोन ठोके आधीच सुरू झाला. निलेश त्याच्यामागे धावला, ललितने ताल ओढून धरला, काही जुळेना. शेवटी ललितने वाजवणंच थांबवलं. वाल्मिक एकटाच बोलत राहिला, डोळे मिटून, सगळी ताकद लावून. मुलं हसू लागली. डोळे उघडले तेव्हा त्याला हसणारे चेहरे दिसले. लोक खूश आहेत असं समजून त्याने हात उंचावला. मग मागे वळला. ललितचे हात गिटारवरून खाली लोंबत होते.

मी तेव्हाच त्याच्या हातातून पडलो. हा पोचा तिथला.

परतीच्या जीपमध्ये ललितने मोबाइलवर लिहून दाखवलं : आधी का नाही सांगितलंस?

वाल्मिक म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही नेलं असतं का?"

ललितने मोबाइल खिशात टाकला. आता तो वापीत लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. निलेश गावी गेला. वाल्मिक अजून त्याच मशीनवर आहे. तिथे बहिऱ्या माणसाचं काही अडत नाही.

रविवारी दुपारी तो मला जुन्या स्पीकरला जोडतो, तळहात स्पीकरवर दाबून धरतो आणि बोलतो. नवी गाणी आहेत, पूर्वीपेक्षा चांगली. पण शब्द आता एकमेकांत विरघळतात, कडा उरत नाहीत. शेजारी दार वाजवतात. आक्काबाई बाहेर जाऊन हात जोडतात.

परवा मध्येच थांबून त्याने विचारलं, "माय, समजस का?"

त्यांना एक शब्दही कळला नव्हता. मी एवढं नीट ऐकतो, पण मलाही ते फाटकंच ऐकू येतं. आक्काबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि मान हलवली, हो.

तो पुन्हा सुरू झाला.

आमलीत कधी आलात आणि रविवारी एखाद्या खोलीतून असा आवाज ऐकलात, तर दार वाजवू नका. खिडकीशी घटकाभर थांबा. त्याची नजर तुमच्याकडे वळली, की मान हलवा. ते त्याला दिसेल.