म्हशीचं मलम

गप, नुसतं ऐक मोने. मधी बोलू नकोस. आमच्या गडमुडशिंगीतली क्रांती हाय न्हवं, तिची चंद्री म्हैस तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत न्हाय. नवरा उदयसिंह एकदा क्रांतीची साडी गुंडाळून बसला. चंद्रीनं हुंगलं आन् बादलीसकट लाथाडला त्याला.

तर थंडीत क्रांतीचे हात भेगाळले. म्हशीच्या सडांना लावायची मलमाची ट्यूब गोठ्यात व्हतीच. म्हशीला गुण येतोय तर मला का न्हाय, म्हणून तिनं तीच चोळली. पयल्यांदा बरं वाटलं की. मग खाज, बारीक फोड, पाणी. खाज वाढली तसं मलम वाढलं.

शेवटी कोल्हापुरात डॉक्टरबाईंनी, कशानं उठतंय ते बघायला, पाठीवर येगयेगळ्या औषधांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवल्या. एकीखाली लालभडक. मलमातलंच औषध.

"पाच वर्षं म्हशीला लावतोय की मी ह्याच हातानं," क्रांती म्हणाली. "तवा काय झालं न्हाय."

"लावता लावताच कातडी त्याला ओळखायला लागली. आता विसरणार नाही. एवढंसं लागलं तरी उठणार. पंधरा दिवसांत हात निवळले नाहीत, तर धारा बंद."

धारा बंद म्हंजे चंद्री बाजारात. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली तिनं.

घरी येऊन ट्यूब फेकली. सडांना नुसतं खोबरेल, हातांना डॉक्टरांची डबी. आठ दिवसांत फरक पडला. नवव्या दिवशी परत फोड. तिनं डबी नाकाला लावली, तर वास त्या मलमाचा.

सासू धोंडुबाई शेंगा फोडत बसलेली.

"आत्ती, ह्यात काय घातलंय?"

"डाक्टरच्यात जोर न्हाय. तू फेकलेली ट्यूब उचलून ठेवलती, तीच कालवली थोडी. तू कळवळतीस आन् आमी बघत बसायचं व्हय? बरं वाटतंय का आता?"

नऊ वर्षांत म्हातारीनं बरं वाटतंय का म्हणून कधी इचारलं नव्हतं. क्रांतीनं हात पदराखाली घेतले.

"व्हय आत्ती. बरं हाय."

ती डबी तिनं गुपचूप उकिरड्यात पुरली, नवी आणून कपाटात कुलपात ठेवली. हात निवळले, चंद्री राहिली.

पण आता धोंडुबाई गल्लीभर सांगती, माझ्या मलमानं सुनंचे हात बरे झाले. ट्यूब घेऊन दिसंल त्याच्या भेगांना लावती. लोकबी हात पुढं करत्यात. आन् क्रांतीनं अजून तोंड उघडलेलं न्हाय.

आता सांग मोने, तू काय केलं असतंस?