डाव्या नळीचं तोंड

मी लाडक्या, जामसरचा. जव्हार दरबारच्या जंगल अंमलदारांची बंदूक सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी इतकं जिवापाड करायचो की माझी बायको बुधी म्हणायची, "मी तापाने फणफणले तरी असा बसला नसतास माझ्यापाशी." म्हणू दे तिला. दुनळी विलायती बंदूक होती ती. दगडी भिंतीला उभी करायची नाही, गोणपाटावर आडवी ठेवायची, रानातून आली की नळ्यांत माती शिरली का ते आधी बघायचं, हे सगळं माझं मीच ठरवलेलं. तरी साहेब रोज ओरडायचे, "लाडक्या, नळीचं तोंड सांभाळ, आपटू नको." मी मनात म्हणायचो, तुम्ही तुमचं सांभाळा.

भातं पिवळी पडली तेव्हा साहेब आठ दिवस ठाण्याला गेले. जाताना म्हणाले, "परत आल्यावर तोंडाला काही झालेलं दिसलं तर सरळ जामसरची वाट धर." जामसरला माझं होतं काय? जमीन भावांकडे. नोकरी गेली असती तर पोरंबाळं घेऊन कुणाच्या दारात उभा राहणार होतो?

त्या दिवसांत कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात मातीचं घर बांधते. म्हणून मी पांगाऱ्याच्या लाकडाची दोन बुचं तासली, एकाच मापाची. त्यांना लाल दोरा बांधला, म्हणजे विसरायला नको. बूच आत राहिलं आणि बार काढला तर नळी केळ्यासारखी सोलून निघते. उजव्या नळीत बूच बसलं. डाव्या नळीत बसेना. मग उजवीकडचं काढून डावीकडे लावून पाहिलं. तेही बसेना. डाव्या नळीचं तोंड आवळलेलं होतं.

लहानपणापासून मी हाताळली ती बापाची ठासणीची बंदूक. तिच्यात दारू तोंडातूनच भरायची, तोंड आवळलं तर भरणार कशी? म्हणजे ही नक्की आपटली होती, आणि माझ्याच हातून. कधी, ते मात्र काही केल्या आठवेना.

"मोखाड्याच्या पोश्या लोहाराकडून मोठं करून घे," बुधी म्हणाली. "साहेबाला काय कळतंय?"

पहाटेच निघालो. बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि वाटेत कुणी विचारलं तर पहार आहे म्हणून ठोकून दिलं. पोश्याने सगळं ऐकून घेतलं, गोल कानस उचलली, तोंडाला लावली आणि थांबला. गवताची काडी तोडून त्याने ते तोंड आडवं, उभं, तिरपं मापलं.

"आपटलं की भांडं एका बाजूने चेपतं," तो म्हणाला. "हे चारी बाजूंनी सारखं आवळलंय. करणाऱ्याने मुद्दाम केलंय हे."

"तू कधी बंदुका केल्यास रे?" मी चिडलो.

"नाही केल्या. म्हणून तर कानस खाली ठेवली. आधी बार काढून बघ."

गावाबाहेर माळावर पोश्याचं जुनं सूप टांगलं आणि साहेबांची दोन काडतुसं घालून चाळीस पावलांवरून दोन्ही बार काढले. उजव्या नळीचे छर्रे सगळीकडे पांगले, निम्मे तर सुपाच्या बाहेरच गेले. डाव्या नळीचे सुपाच्या मधोमध दाटीने बसले. जवळच्या झुडपातल्या रानकोंबडीला उजवी, लांबच्याला डावी, असा तो हिशेब होता. ह्या आवळण्याला चोक म्हणतात हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी पोश्याला मिठीच मारली. तो म्हणाला, आधी माझ्या सुपाची भरपाई दे.

साहेब आले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही रानात गेलो. उंबराच्या शेंड्यावर हरोळ्या, ती हिरवी रानकबुतरं, बसल्या होत्या. साहेबांनी नेहमीसारखा पुढचा चाप ओढला, उजवी नळी. एकही पडली नाही, सगळ्या उडून पलीकडच्या झाडावर बसल्या.

"साहेब, लांब आहेत," मी म्हणालो. "मागचा चाप ओढा, डावी नळी."

"डावी नको." त्यांचा चेहरा उतरला. "फुटेल."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की वर्षभरात ह्यांनी डावी नळी कधी उडवलीच नव्हती. मग मात्र मी धीर करून सगळं सांगितलं. बुचं, मोखाडा, कानस, त्यांची दोन काडतुसं, काही लपवलं नाही. नोकरी गेली असं धरूनच बोलत होतो.

साहेब डाव्या नळीच्या तोंडावरून बोट फिरवत हळू आवाजात म्हणाले, "नवी होती तेव्हा माझ्या हातून दगडावर पडली होती. नंतर बोट घालून बघितलं तर तोंड आवळलेलं. मला वाटलं, मीच चेपवलं."

"मग माझ्यावर ओरडत होतात ते?"

"कुणाच्या लक्षात आलंच, तर तुझ्याकडून झालं असं वाटावं म्हणून."

त्यांनी मागचा चाप ओढला. दोन हरोळ्या पडल्या. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. वर्षभर हा माणूस मला चार लोकांत बोलत होता आणि मी रोज रात्री आठवत बसायचो, आज कुठे लागली तर नसेल? मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब," मी म्हणालो, "आज बंदूक तुम्ही पुसा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग गोणपाट पसरलं, खाली बसले आणि पुसायला लागले. फडकं उलट्या बाजूने घालत होते. मी सांगितलं नाही.