बुद्धाच्या मूर्तीचा भाव करू नये

माझं ग्वांगझूला जायचं ठरलं आणि ज्यांनी चीन फक्त नकाशात पाहिलाय अशा सगळ्यांनी मला खरेदीचे सल्ले द्यायला सुरुवात केली. आमच्या आंबेडकर असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत चाळीस मेसेज पडले. सिल्कचा धागा जाळून बघ, मोती दाताला घासून बघ, जेडवर पाण्याचा थेंब टाकून बघ. मी ऑफिसच्या कामाने आठ दिवस जाणार, त्यात मोकळा दिवस एकच. एवढी जाळपोळ करायला वेळ कुठून आणायचा, ते मात्र कोणी सांगेना.

शेवटी मी आमच्या ऑफिसातल्या मिसेस क्वानना गाठलं. त्या मूळच्या ग्वांगझूच्या, तीस वर्षांपासून इथे कॅनडात, मिसिसागात. लंचला बसून त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. तिथे रोख पैसे कोणी बघत नाही, म्हणून कार्ड इथूनच फोनच्या ॲपला जोडून ने. पत्ता चिनी लिपीत लिहून जवळ ठेव. रस्त्यात गोड बोलणारी कॉलेजची पोरं चहा प्यायला चल म्हणाली तर जाऊ नकोस, बिल तुझ्या गळ्यात पडेल. जुनी वस्तू घेतलीस तर तिच्यावर लाखेचा लाल शिक्का आहे का बघ, नाहीतर एअरपोर्टवर अडवतील. होलसेल बाजारात पहिला भाव ऐकून नुसतं हस. मला हे सगळं इतकं आवडलं की माझं सूप गार झालं.

मग मी बुद्धमूर्तीचं विचारलं. असोसिएशनने नुकताच एक हॉल भाड्याने घेतला होता आणि बुद्धपौर्णिमेला तिथे मूर्ती बसवायची होती. ती मी चीनहून आणावी असं ठरलं. कशी हवी हे ठरवायचा मान माझ्या सासूबाईंना, गंगुबाईंना दिला होता, कारण आमच्यात छप्पन साली दीक्षाभूमीवर हजर असलेल्या त्या एकट्याच. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांची अट एकच, मूर्तीचे डोळे उघडे पाहिजेत. मिटल्या डोळ्यांचे बुद्ध ढिगाने मिळतात, त्यांना जगाकडे बघणारा हवा होता.

मिसेस क्वाननी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. म्हणाल्या, त्याचा भाव करू नये. आम्ही बुद्ध विकत घेतला असंही म्हणत नाही, घरी बोलावला म्हणतो. सांगतील ते द्यायचं, नाहीतर नमस्कार करून निघायचं.

हे मी घरी सांगितलं आणि आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कपाळावर आठ्या चढल्या. त्यांची भाव करण्याची ख्याती आमच्या सगळ्या कॉन्डो बिल्डिंगमध्ये आहे. किमतीचं स्टिकर लावलेल्या भेंडीचा भाव करणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. विंटर टायर्स बदलायला गेलो तेव्हा इंग्रजीचा एक शब्द येत नसताना त्या वायपर फुकट घेऊन आल्या. त्यांची रीत ठरलेली. भाव ऐकायचा, निम्मा सांगायचा, पाठ फिरवायची आणि हळूहळू चालायला लागायचं. तो हाक मारतोच.

"दुकानात ठेवलाय नं?" त्या म्हणाल्या. "मंग भाव होईन."

माझ्या या दोन गुरूंचं काही जमेना. मिसेस क्वानना हे कळल्यावर त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, शनिवारी दोघी या, आपल्याच चायनीज प्लाझात रंगीत तालीम करू. मलाही बघायचंच होतं कोण जिंकतं ते.

शनिवारी आधी सगळं झकास चाललं. एका दुकानात आईंनी किटलीचा भाव बावीस डॉलरवरून चौदावर आणला. मिसेस क्वाननी मान डोलावली. मग कोपऱ्यावरच्या एका अरुंद दुकानात शिरलो आणि आई जागच्या जागी थांबल्या.

वरच्या फळीवर हातभर उंचीचा, उभा, लाकडी बुद्ध होता. एक पाऊल पुढे टाकलेलं. डोळे उघडे. मी आईंकडे पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाल्या, "हाच. चीनले जाऊन शोधायचं कामच नाही."

दुकानदार सत्तरीचा, शांत माणूस होता. त्याने मूर्ती खाली काढली आणि चारशे डॉलर सांगितले. मी पर्स उघडत होते तेवढ्यात आईंनी दोन बोटं दाखवली. दोनशे. दुकानदाराने एक लाल कापड घेतलं, मूर्तीवर घातलं आणि आत जाऊन बसला.

आई पाठ फिरवून निघाल्या, ठरल्याप्रमाणे हळूहळू. दार आलं, कॉरिडॉर आला, वॉशरूमची पाटी आली. हाक काही आली नाही.

मला लाजेने मेल्यासारखं झालं. फूड कोर्टात बसल्यावर मी त्यांना बोललेच. मिसेस क्वाननी आधीच सांगितलं होतं, पैसे असोसिएशनचे आहेत, कमी पडत नाहीत, मग सांगेल ते द्यायला काय हरकत होती? आता अशी मूर्ती मला तिकडे एका दिवसात कुठून मिळायची?

आईंनी चहाचा कागदी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "सांगन ते द्यायचं आन् निघायचं, हे माही माय करे. दुकानाची पायरी चढू देत नव्हते तिले. तो आतून भाव सांगे, पैसे खाली ठेवाले लावे, आन् गूळ वरून पदरात टाके. दोन पैसे कमी कर म्हणायची सोय नव्हती."

हे मी लग्नाच्या सतरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"दीक्षा घेऊन आलो, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बापानं मले बाजारात नेलं," त्या म्हणाल्या. "कंदिलाची काच घेतली. दुकानदार म्हणे तीन आणे, बाप म्हणे दोन. मी त्याचा सदरा धरून उभी होती. माहा बाप भाव करून राहिला होता. बुद्धानं आमाले हे देलं, आन् त्याच्यासमोरच मी मुकाट्यानं पैसे ठेवू?"

मिसेस क्वान माझ्याकडे बघत होत्या. मी इंग्रजीत सगळं सांगितलं, अडखळत, कारण पायरी चढू न देणं म्हणजे काय हेही समजवावं लागलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्या माणसांनी नक्की काय केलं होतं की त्यांना शिवायचं नाही? काहीच नाही, मी म्हटलं. त्या उठल्या आणि एकट्याच दुकानाकडे गेल्या.

दहा मिनिटांनी त्यांनी आम्हाला बोलावलं. लाल कापड काढलेलं होतं. दुकानदाराने आईंसाठी खुर्ची मांडली होती आणि समोर कॅल्क्युलेटर ठेवला होता. त्यावर त्याने चारशे उमटवले आणि तो आईंकडे सरकवला. आईंनी दोनशे केले. त्याने तीनशे नव्वद. आईंनी सव्वादोनशे. मिसेस क्वान तोंड फिरवून उदबत्त्यांची पाकिटं बघत राहिल्या. त्यांना ते बघवत नसणार, तरी त्या बाहेर गेल्या नाहीत. तीनशे दहावर दुकानदाराने होकाराची मान हलवली आणि त्याने मूर्ती दोन्ही हातांनी उचलून आईंच्या हातांत दिली. तो कॅन्टोनीजमध्ये काहीतरी म्हणाला. मिसेस क्वाननी सांगितलं, इतक्या वर्षांत या दुकानात बुद्धाचा भाव कोणी केला नव्हता, आणि तो पुन्हा करू देणार नाही.

गाडीत आईंनी मूर्ती मांडीवर घेतली आणि सीटबेल्ट तिच्यावरूनच लावला. एका सिग्नलला मी म्हटलं, "आई, मघाशी मला तुमची लाज वाटली. चुकलंच माझं."

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "तुले लाज वाटली म्हंजे तुले कोन्या दुकानात कोनी अडवलं नाही. बरं झालं."