वाढत्या अंगाचं

"धार लावायला दिली होती तुला. तू तर बोथट करतोयस."

शशिधरकाकांनी वर्कशॉपच्या अर्ध्या दारावरून मान आत घातली होती आणि ती बाहेर काढायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं. देवने हातातला रबरी ठोकळा काही खाली ठेवला नाही. बाकाच्या शिकंज्यात अन्वीची स्की आवळलेली होती आणि तो तिच्या पुढच्या टोकाची पोलादी कड घासत होता, चार बोटं एवढीच.

"फक्त टोकं, काका. मधे धार आहे ना. टोकाला धार ठेवली तर नवीन माणसाची स्की बर्फात अडकते, वळतच नाही."

"नवीन माणूस कोण इथे?"

देवने काकांच्या मागे उभ्या त्यांच्या मुलीकडे, अन्वीकडे पाहिलं. अन्वीने खिडकीबाहेर पाहिलं.

शशिधरकाका म्हणजे देवच्या बाबांचे मित्र, एकाच ऑफिसातले. मिल्टन कीन्समधली पाच मराठी घरं शाळेच्या हाफ-टर्म सुट्टीत मिळून फ्रान्सला स्कीइंगला निघाली होती. कोच, म्हणजे ठरवलेली बस, संध्याकाळी सहाला सुटणार होती, आणि आता सव्वाचार वाजले होते. देव सतरा वर्षांचा. सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावीला, गेला आणि नोव्हेंबरात सोडून आला. तेव्हापासून तो इनडोअर स्की-स्लोपला लागून असलेल्या या दुकानात स्कींना धार आणि मेण लावत होता, आणि पाचही घरांत रोज रात्री जेवताना त्याचं नाव निघत होतं. भाजी कशी झाली हे सुद्धा कुणी इतकं विचारत नसेल.

काकांच्या स्कींवरून सकाळीच वादाची एक फेरी झाली होती. काकांना भिंतीवरची सगळ्यात रुंद जोडी हवी होती, कारण पोस्टरमधला माणूस कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातून उडत होता. देवने सांगितलं, यंदा आल्प्समध्ये बर्फाची बोंब आहे. सकाळी काच, दुपारी पातळ खिचडी. तिथे ते रुंद फळकूट काय कामाचं? कसल्याही बर्फावर निभावतील अशा ऑल-माउंटन घ्या, पण कमरेत जरा बारीक. काचेवर कड रोवायला धार तेज करून देतो आणि दुपारच्या ओल्या बर्फावर चिकटू नयेत म्हणून ऊबदार हवामानाचं पिवळं मेण लावतो. काकांनी इंटरनेटवर बघितलं, तिथेही तेच लिहिलेलं निघालं, तेव्हा कुठे ऐकलं. म्हणजे देवचं नाहीच ऐकलं, इंटरनेटचं ऐकलं. काकांचे पाय, काकांचं नशीब.

पण अन्वीची गोष्ट वेगळी होती. अन्वी बारा वर्षांची, उंची देवच्या छातीएवढी, आणि काकांनी ऑनलाइन तिच्यासाठी जी सेकंडहँड जोडी घेतली होती ती तिच्या डोक्याच्या वीतभर वर जात होती.

"वाढत्या अंगाचं घेतलंय," काका म्हणाले. "दर वर्षी कोण नवीन घेत बसणार? युनिफॉर्म नाही का आपण दोन साइज मोठा घेत."

"युनिफॉर्म डोंगरावरून खाली घसरत नाही, काका."

"उद्धटपणा कमी कर."

देवने उरलेली टोकं घासली. स्की लांब तर लांब, निदान टोकं तरी तिला धरून ठेवणार नाहीत. मग त्याने बाइंडिंग तपासायला घेतलं. बुटाला स्कीवर पकडून ठेवणारी ते पुढचे आणि मागचे चाप. माणूस पडला की त्या चापांनी बूट सोडायला हवा. कधी सोडायचा, हे एका छोट्या खिडकीतल्या आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा स्क्रूने फिरवायचा असतो. आकडा कमी असेल तर लवकर सुटतं. जास्त असेल तर स्की पायाला धरून राहते, आणि मग जे काही पिळायचं ते पाय पिळतो.

देवने काउंटरवरचा फॉर्म उचलला. दुकानाचा नियमच होता, वजन, उंची, बूट, आणि स्कीअर कोणत्या पातळीचा ते लिहायचं, त्यावरून तक्त्यात आकडा बघायचा. काकांचं अक्षर सुंदर होतं. अन्वी कुलकर्णी. पातळी तीन. वेगवान, तीव्र उतार.

तक्ता म्हणत होता, चार.

"अन्वी, तू किती वेळा स्की केलंयस?"

"सहा लेसन्स," अन्वी म्हणाली. "इथेच, आतल्या स्लोपवर. मला फक्त स्नो-प्लाव येतो. पाय असे त्रिकोणी करून."

"काका, ही पातळी एक आहे. हिचा आकडा पावणेतीन."

"अरे, एक लिहिलं तर तिथे तिला बाळांच्या ग्रुपमध्ये टाकतील. लिहिताना एक पायरी वरच लिहायची असते. मी सीव्हीमध्ये जावा लिहिलं तेव्हा मला जावा येत होतं का? घेतलं त्यांनी, मग शिकलो."

"जावाने तुमचा पाय धरून ठेवला नव्हता. हे धरून ठेवेल. तिची पाय तुटेल."

"तिचा. तिचा पाय," काका म्हणाले. "इतकी वर्षं मराठी शाळेत पाठवलं तुला रविवारी."

देवच्या कानशिलापाशी काहीतरी गरम झालं. या माणसाला वाक्यातली चूक दिसली, आणि वाक्यात काय होतं ते दिसलंच नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, काकांची स्वतःची स्की जमिनीवर टाकली आणि म्हणाला, "बूट घालून उभे राहा यात. तुमच्या फॉर्मवरही तुम्ही तीनच लिहिलंत, त्याप्रमाणे लावलंय. आता पाय फिरवून बाहेर या."

काका उभे राहिले. खटकन बूट बसला. काकांनी पाय फिरवला. स्की हलली, कार्पेट गोळा झालं, काकांचा गुडघा जिथे जाऊ नये तिथे जाऊ लागला. बूट मात्र जागचा हलला नाही. काकांनी शेल्फ धरलं. गॉगल्सचे दोन डबे पडले.

"बघितलंत?"

"बघितलं की," काका धापा टाकत, खूष होऊन म्हणाले. "एकदम मजबूत आहे. अन्वीचंही असंच लाव."

देवला हसावं की स्क्रूड्रायव्हर फेकावा ते कळेना. त्याने बॉसला फोन लावला. ग्रॅहमने निम्मं ऐकून घेतलं.

"फॉर्मवर काय लिहिलंय?"

"तीन. पण खोटं आहे. मुलगी स्वतः सांगतेय."

"सही आहे?"

"वडलांची."

"मग आपण फॉर्मप्रमाणे जातो, मेट. फॉर्मप्रमाणे लाव, नाहीतर घरी जा."

काकांनी फोनमधलं इंग्रजी बरोबर ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेच्या पेरेंट्स इव्हनिंगचं हसू आलं. "नियम म्हणजे नियम. आणि राहू दे तुझं, स्क्रूड्रायव्हर माझ्याकडेही आहे. तिथे जाऊन मी फिरवेन." मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि दाराबाहेर जाऊन देवच्या बाबांना फोन लावला. "जयंता, तुझा मुलगा," एवढं ऐकू आलं.

हेच. नेहमी हेच. देवलाही एकदा असंच एक पायरी वर ढकललं होतं. त्याला येत नसलेल्या गणिताच्या वरच्या सेटमध्ये, हुशार मुलांच्या तुकडीत, 'जाईल हळूहळू वाढत' म्हणून. वाढायच्या आधीच पिळवटला तो. तेव्हा कुणाच्या खिडकीत आकडा नव्हता बघायला.

अन्वी बाकाशी आली. "माझे बूट पण मोठे आहेत," ती हळूच म्हणाली. "दोन मोजे घालते. तरी टाच आत वरखाली होते."

"पप्पांना सांगितलंस?"

"ते म्हणाले, समरपर्यंत बसतील."

देवने ड्रॉवर उघडून कोरा फॉर्म काढला, त्यावर पेन ठेवलं.

"फॉर्मप्रमाणे जातो आपण. भर. खरं खरं. मी एक अक्षर सांगणार नाही."

अन्वीने भरलं. वजन एकोणचाळीस. बूट चार, आणि कंसात, 'सहा घातलेत'. पातळीच्या तीन चौकोनांसमोर ती थांबली, पहिल्यात खूण केली, आणि समोरच्या रिकाम्या जागेत, जिथे कुणी काही लिहीत नाही, तिथे लिहिलं: मला थांबता येत नाही.

देवने तिच्या पायातले बूट भाड्याच्या रॅकमधल्या चार नंबरशी बदलले, नव्या बुटांना चाप जुळवले आणि दोन्ही स्कींचे चारही स्क्रू पावणेतीनवर आणले. मग तिला दाखवलं. "ही खिडकी. पुढे एक, मागे एक. रोज सकाळी बघ. कुणी आकडा वर नेला, तर इन्स्ट्रक्टरला दाखव. पप्पांना नको. इन्स्ट्रक्टरला."

"पप्पा रागावतील."

"मग रागावू दे. राग आठवडाभरात उतरतो. प्लास्टर सहा आठवडे."

काका परत आले तेव्हा फॉर्म काउंटरवर होता. त्यांनी वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली, ओठ हलवून.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही," अन्वी म्हणाली.

"मागच्या शनिवारी तर थांबली होतीस. मी बघितलं काचेतून."

"मी थांबले नव्हते. मी जाळीला आपटले."

काकांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजत आले होते. बाहेर पार्किंगमध्ये काकूंनी हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. देवला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं सांगितलंस. इतकीच अपेक्षा होती, एका वाक्याची.

"कोच चुकेल," काका म्हणाले आणि सही केली. तीच सुंदर सही. "वाद घालायला वेळ नाही म्हणून करतोय. आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीचा आकडा."

"तुझ्या बाबांना सगळं सांगितलंय मी. ते येतायत इथे, तुझ्याशी बोलायला. ए-लेव्हल पुरी न केलेला पोरगा मला माझ्या मुलीची पातळी शिकवतो."

अन्वीने आपल्या दोन स्की उचलल्या. खांद्यावर मावत नव्हत्या, तरी काकांना दिल्या नाहीत. देवने जुना फॉर्म फाडला, नवा ग्रॅहमच्या ट्रेमध्ये वरच ठेवला, सही दिसेल असा. एप्रन काढून खुंटीला अडकवला. फॉर्मप्रमाणे लावलं होतं, तरी ग्रॅहम म्हणाला तसं इथून निघून जायचं त्याने ठरवलंच होतं. फक्त घरी, बाबांचं ऐकून घ्यायला, नाही.

"थांब, बाबा येतायत म्हटलं ना," काका म्हणाले.

"त्यांना हा फॉर्म दाखवा," देव म्हणाला. "मला निघायचंय आता."