टिल्लूचं दूध

नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीत पोराचं दूध तोडायची वेळ आली की सासवा आपल्या सुनांना प्रेमलता भोयरकडे पाठवायच्या. प्रेमलता खालच्या खोलीत शिलाई मशीनवर साड्यांचं फॉल-पिको करायची, आणि मशीन न थांबवता सल्ला द्यायची. कडूनिंबाचा पाला पाट्यावर वाटायचा, त्यात हळद घालायची, तो लेप तीन दिवस छातीला लावायचा. पोर तोंड लावतं, थू करतं, बोंबलतं आणि चौथ्या दिवशी मुकाट्याने वरणभात खातं. स्वतःच्या तिन्ही पोरांचं दूध तिने असंच तोडलं होतं. "पुस्तकं वाचून लेकरं मोठी नाई होत," असं ती डॉक्टरांच्या तोंडावर सांगायची. बाई फटकळ होती. चुकली तरी फटकळच राहायची, आणि मार्चातल्या त्या शनिवारी ती चुकली.

भुरी ही गल्लीतली मांजर. कोणाच्याच मालकीची नाही, म्हणून लाथ मारायला सगळ्यांची. थंडीत ती प्रेमलताच्या जिन्याखाली राहायला आली, सोबत एक पिल्लू घेऊन. पिल्लाचं नाव प्रेमलताने टिल्लू ठेवलं. नागपुरात नळाला गुपचूप लावून शेजाऱ्यांचंही पाणी खेचून घेतात तो टिल्लू पंप, तसा हा आईला ओढायचा. आता पाच महिन्यांचा घोडा झाला होता, अंगाने आईएवढा, तरी भुरी आडवी झाली की हा पोटाशी. आणि भुरी पुन्हा गाभण. पोट जमिनीला टेकायला आलेलं, पाठीचे मणके मात्र वरून मोजता येतील असे. दूध-पोळीचा काला ती खायची तो सगळा टिल्लूच्या घशात जायचा. दहा दिवसांत नवी पिलं येणार. हा हलकट बाजूला झाला नाही तर त्यांच्या वाट्याला काय राहणार? प्रेमलताला रात्रंदिवस हीच काळजी.

म्हणून शनिवारी सकाळी तिने पाला वाटला. भुरी काला खाण्यात गुंग असताना तिला एका हाताने धरून पोटाला हिरवागार लेप थापला. टिल्लूने तोंड लावलं, नाक मुरडलं, शिंकला आणि पळाला. "कसं वाटलं गा राजा?" प्रेमलता म्हणाली आणि खुशीत मशीनवर जाऊन बसली.

अर्ध्या तासाने जिन्यात किंकाळी उठली.

वरच्या मजल्यावरची नूपुर तान्ह्या लेकीला काखेत घेऊन खाली उतरत होती ती अर्ध्यातच थिजली होती. जिन्याखाली भुरी मान झटकत होती. तोंडातून पांढऱ्या फेसाच्या तारा लोंबत होत्या. ती उठायची, भिंतीला धडकायची, पुन्हा बसायची. नूपुरचा नवरा उन्मेष धावत आला, त्याने बायकोला वर ढकललं आणि तो ओरडला, "पागल झाली हे! रेबीज आहे! काकू, मागं सरका!"

"काहून बोंबलून राहिला? उन्हानं झालं असन."

"उन्हानं फेस येते का? माही पोरगी दोन महिन्याची आहे, काकू. हे घरात शिरली अन् चावली तर?" त्याचा आवाज फाटला होता. "मी बोरा घेऊन येतो. भरतो अन् लकडगंजच्या लाकडाच्या टालीमागं सोडून येतो. तिथं मरू दे."

तो बोरा, म्हणजे गोणपाटाचं पोतं, आणायला गेला. प्रेमलता खाली वाकली. फेसात हिरवे कण होते.

बाई काही आपली छाती चाटत नाही. मांजर चाटते. दिवसातून दहा वेळा, नखापासून शेपटापर्यंत. जे टिल्लूच्या जिभेला लागायला हवं होतं ते सगळं भुरीने चाटून पोटात घेतलं होतं.

उन्मेषला हाक मारून तेव्हाच सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. वीस वर्षं गल्लीला शहाणपण शिकवलेल्या बाईची जीभ अशा वेळी जड होते. तिने चादर टाकून भुरीला गुंडाळलं, खोलीत आणलं, टिल्लूला न्हाणीत कोंडलं आणि भैरवी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या या पोरीचे परकर-पोलके प्रेमलताने तिच्या शाळेपासून शिवले होते.

भैरवीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकू, पोटुशी बाईले कडूनिंब देता का तुम्ही?"

प्रेमलताने भुरीभोवतीची चादर घट्ट केली.

"देता का?"

"नाई. गरम पडते. पोट पडते म्हणतात."

"मग?"

"म्या छातीचा इचार केला वं, पोटाचा नाई केला."

"फेसाचं मी सांगते, कडू लागलं की मांजराले असाच फेस येते. तेवढ्यानं मरत नाही. पण किती पोटात गेला ते माहीत नाही, अन् दिवस भरत आलेत. कोमट पाण्यात फडकं भिजवून सगळा लेप पुसा, एक कण ठेवू नका. पानी ठेवा. मग पोटावर नजर ठेवा. या दिवसांत पिलं हलली की बाहेरून डोळ्यानं दिसतात. दुपारपर्यंत काहीच हललं नाही, नाहीतर रक्त दिसलं, तर पेटीत घालून तशीच माझ्याकडे आणा. अन् त्या बोक्याले वेगळं ठेवा. ओलं खाणं द्या, दोन-चार दिवस रडन. लेपबिप काही लागत नाही."

प्रेमलताने फडकं घेतलं. भुरीने गुरगुरून इशारा दिला, तो तिने मानला नाही. पोट पुसून होत आलं तेव्हा मनगटावर चार लाल रेघा उमटल्या होत्या. भुरी कपाटाखाली घुसली. वाटीतल्या पाण्याला तिने नाक लावलं आणि तोंड फिरवलं. न्हाणीत टिल्लू दाराला ओरबाडत गळा काढून रडत होता.

दार वाजलं. बाहेर उन्मेष, एका हातात बोरा, एका हातात बायकोचा भांडी घासायचा रबरी हातमोजा. फक्त एकच. दुसरा बहुतेक घाईत सापडला नसावा.

"काकू, दार उघडा. कुठं आहे ते?"

"नाई उघडत."

"पानी पेली का? पागल जनावर पानी पीत नाही. पेली का सांगा."

खरं सांगायचं तर पेली नव्हती. खिडकीतून त्याला भरलेली वाटी दिसतही होती. वरच्या गॅलरीत नूपुर उभी होती, समोरच्या घरातल्या दोन बाया दारात आल्या होत्या. त्यातल्या एकीला प्रेमलताने गेल्याच महिन्यात नातवासाठी लेप वाटून दिला होता.

"तुमचा लळा मले समजते," उन्मेष म्हणाला, "पण माह्या पोरीपेक्षा मांजर मोठी नाही. कडी काढा, नाहीतर मी तोडतो."

तो तोडणार होता. त्याचा खांदा दाराला लागलाही होता. प्रेमलताने कडी काढली आणि उंबरठ्यातच उभी राहिली.

"रोग नाई तिले. मी केलं."

"काय केलं?"

"म्या लावला तिच्या पोटाले कडूनिंब. टिल्लूचं दूध तोडाले. तिनं चाटला. झालं? आता सगळ्यायनं ऐकलं?" शेवटचं वाक्य तिने समोरच्या दारांकडे पाहून, चांगलं मोठ्याने म्हटलं.

लेप घेऊन गेलेली समोरची बाई म्हणाली, "अव माय, मांजरीले बी?" आणि पदर तोंडाला लावला.

"तिच्या बचावासाठी बोलून राहिल्या तुम्ही," उन्मेष म्हणाला. "कशावरून?"

प्रेमलताने पाट्यावरून उरलेल्या लेपाचा गोळा आणला आणि त्याच्या नाकाखाली धरला. "चाट."

"मी कायले चाटू?"

"मग मी चाटतो." तिने बोटभर लेप जिभेवर घेतला. चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं, तोंडात लाळेचा पूर आला. ती नालीत थुंकली, पुन्हा थुंकली, लाळेची तार हनुवटीवर लोंबली ती तिने तशीच राहू दिली. "पाह्य नीट. मी बी पागल झाली का? टाक मले बी बोऱ्यात. ने लकडगंजले."

वर गॅलरीत नूपुर आधी फसकन हसली, मग रागाने म्हणाली, "काकू, तुम्ही मले याच मंगळवारी सांगून राहिल्या होत्या, सहा महिन्यांनी हाच लेप लावजो म्हणून!"

"आता नाई सांगत. डॉक्टरले इचार."

हे शब्द तोंडातून काढताना तिला कडूनिंबाहून कडू लागलं. उन्मेषने बोरा घडी करून काखेत मारला. आणि मग त्याला तिचं मनगट दिसलं.

"हे काय?"

"ओरखडलं. पुसताना."

"सुई घ्या लागन. रोग असो नाही तर नसो, गल्लीतली मांजर आहे. चला, मी स्कूटर काढतो."

"पोट हलल्याशिवाय मी इथून हलत नाई."

"कोणाचं पोट?"

तिने कपाटाखाली बोट दाखवलं. फेस ओसरला होता. भुरी कुशीवर पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, पोट नुसतं श्वासाने वरखाली होत होतं. त्या वरखालीत दुसरं काही दिसत नव्हतं. प्रेमलता फरशीवर पालथी पडून पाहत राहिली. घाईत चष्मा मशीनवरच राहिला होता आणि उठून आणण्याची हिंमत होत नव्हती, तेवढ्यात काही चुकलं तर. बारा वाजले. साडेबारा झाले. तिने फरशीवर रक्ताचा डाग आहे का म्हणून हात फिरवला, कोरडा निघाला. न्हाणीत टिल्लू रडतच होता. आईला हाक मारत होता, आणि भुरीचा एक कान प्रत्येक हाकेला तिकडे वळायचा.

"सोडा न त्याले," उन्मेष खिडकीतून म्हणाला. त्याने हेल्मेट घातलं होतं आणि जात मात्र नव्हता. "लय रडून राहिला."

"रडू दे."

आणखी काही वेळाने त्याने गजांना नाक लावलं. "काकू. हललं."

"खोटं बोलशीन तर थोबाड फोडीन. मले नेऊन बसवाचं आहे तुले स्कूटरवर."

"पोरीची शपथ. पाहा, मागच्या पायाच्या पुढं."

प्रेमलताने डोळे बारीक केले. भुऱ्या कातडीखाली सुपारीएवढा उंचवटा उठला, थोडा सरकला आणि बुडाला. मग त्याच्या खाली दुसरा. भुरीने डोळे उघडले, मान वळवून तिथे चाटायला गेली. जीभ लागली, थांबली, वास घेतला, पुन्हा लागली.

"दोन आहेत," उन्मेष म्हणाला.

"जास्ती असतीन. दिसतात दोनच."

ती उठली. गुडघे कडकडले. न्हाणीचं दार बोटभर उघडून तिने ओल्या पोळीची ताटली आत सरकवली. टिल्लूचा पंजा फटीतून बाहेर आला, तिचा पदर धरून ओढू लागला. तिने नखं एकेक करून सोडवली, दार लावलं आणि कडी घातली. तो आधी ओरडला त्यापेक्षा मोठ्याने ओरडला.

गल्लीच्या तोंडापर्यंत स्कूटरवर तो आवाज ऐकू येत होता. उन्मेषने एकदा मागे वळून पाहिलं.

"समोर पाह्य," प्रेमलता म्हणाली.