कर्नलचा मफलर

आमच्या दुकानाच्या दारावर सोनेरी अक्षरांत ‘ऑल्डविंटर अँड सन’ असं लिहिलंय. मालक पिअर्स ऑल्डविंटरला मुलगा नाही, मुलगी नाही, मांजरसुद्धा नाही. दुकानाला जेमतेम बारा वर्षं झाली. पण लंडनमध्ये महागडं अत्तर विकायचं तर ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं वाटलं पाहिजे, म्हणून शिसवी कपाटं, पितळी दिवे आणि हा नसलेला मुलगा. अत्तरं मी बनवते. बाटलीवर माझं नाव नसतं. जुन्या इंग्रजी घराण्यांत अत्तर बनवणाऱ्याचं नाव कधी नसायचंच, असं पिअर्स म्हणतो. सगळ्या परंपरांमधली ही एक मात्र तो अगदी काटेकोर पाळतो.

माझे वडील, सिड, लंडनच्या दक्षिणेला मिचम भागात न्हावी होते. त्यांच्या अंगाला लॅव्हेंडरच्या पाण्याचा, दाढीच्या साबणाचा आणि पाइपच्या तंबाखूचा वास यायचा, आणि या सगळ्याखाली त्यांच्या मानेचा. ते गेले तेव्हा आईनं त्यांचा राखाडी मफलर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. नाताळला आणि त्यांच्या वाढदिवसाला ती डबा उघडायची, एकदाच हुंगायची आणि झाकण घट्ट लावायची. “जास्त हुंगलं तर संपेल,” म्हणायची. मफलर तिनं स्वतःच्या गळ्यात कधीच घातला नाही. तिचा वास लागला असता त्याला.

पिअर्सला जुन्या न्हाव्याच्या दुकानाची आठवण करून देणारं पुरुषांचं अत्तर हवं होतं. काय करायचं ते मला तिथल्या तिथे कळलं. मी आईकडे डबा मागितला.

“परत कधी देणार?” तिनं विचारलं.

“नाताळला. तुझ्या हातात देईन, मम.”

“दुकानातल्या कुणाला हात लावू देऊ नकोस. तुम्हा लोकांच्या हातांना कसले कसले वास असतात.”

सकाळी चहाच्याही आधी, नाक कोरं असताना, मी एकदा मफलर हुंगायची आणि मग कामाला बसायची. लॅव्हेंडर, तंबाखूचं पान, ओकच्या झाडावरचं दगडफूल, आणि मानेच्या घामासाठी जिऱ्याच्या तेलाचा अगदी पुसटसा अंश. पानगळ सुरू होईपर्यंत जमलं. कागदाच्या पट्टीवर बाबा आले तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

“अफाट!” पिअर्स म्हणाला. “कुणाचा गं हा वास?”

“माझ्या वडिलांचा. न्हावी होते.”

“न्हावी...” घासात केस लागल्यासारखं त्यानं तोंड केलं. “न्हावी नाही चालायचा, लॉर्ना. न्हाव्यासारखा वास यावा म्हणून कोण पैसे मोजतं? न्हाव्याकडून दाढी करून घेणाऱ्यासारखा यावा म्हणून मोजतात.”

असे अत्तराच्या जाहिरातीत माझे बाबा पिअर्सचे पणजोबा कर्नल ऑल्डविंटर झाले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकून होते, त्यांच्याकडे नोकरी करतेय हे तेव्हा कळलं. तरी बाबा हसले असते, अशी स्वतःची समजूत घातली.

आमच्याकडे अत्तर दाखवायची एक रीत आहे. रुमालावर अत्तराचे फवारे मारायचे, वर काचेचा घुमट ठेवायचा आणि गिऱ्हाइकानं घुमट उचलून त्याच्या आत हुंगायचं. हे काम पिअर्स रोज सकाळी स्वतः करतो. नव्या अत्तराच्या समारंभाला मी पोचले तेव्हा पाहुणे आले होते आणि मधल्या टेबलावरच्या घुमटाखाली रुमाल नव्हता. राखाडी मफलर होता. शेजारी पाटी होती: कर्नलचा मफलर.

“पिअर्स, हा माझ्या डब्यातला आहे.”

“हो ना, तुझ्या टेबलाखालीच मिळाला. किती शोभतोय बघ! पण त्याला वासच नव्हता गं. लोक घुमट उचलणार आणि आत काय, जुनी लोकर? मग आपल्याच अत्तराचे मारले आठ-दहा फवारे.”

“वास होता त्याला.”

“मला तर नाही आला,” पिअर्स म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला.

मी सगळ्यांदेखत घुमट उचलून मफलर काढून घेतला. नाकाशी धरला. माझंच अत्तर होतं, वरपासून खालपर्यंत. ते इतकं हुबेहूब साधलं होतं, की त्याच्याखाली बाबा उरलेत की नाहीत हे मलाच सांगता येईना. लोकरीतून हे महिनोन् महिने जात नाही, आणि धुवायचं म्हणजे जे काही उरलं असेल तेही धुवायचं. पिअर्सचा गळा धरावासा वाटला. अत्तर आठवडाभरात संपलं. लोकांना कर्नल फार आवडला.

नाताळला मी डबा आईच्या हातात दिला. फवाऱ्यांचं तिला सांगितलं नाही. मी जिच्यावर पोट भरते ती विद्या खरी असेल तर तिला कळणार नाही, एवढीच आशा होती.

तिनं झाकण काढलं, डोळे मिटून हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. दोनदा ती कधीच हुंगत नसे.

“छान आहे,” ती म्हणाली. शेजारणीच्या केकला म्हणावं तसं. “तू केलास?”

“हो.”

“बराचसा सिडसारखाच आहे गं.”

झाकण तिनं परत लावलं नाही. जेवणं झाल्यावर ती मागच्या अंगणात पक्ष्यांना पावाचे तुकडे टाकायला निघाली. जाता जाता तिनं डब्यातून मफलर उचलला आणि गळ्याभोवती गुंडाळला.

“मम, तुझा वास लागेल ना त्याला!”

“लागू दे,” ती म्हणाली. “बाहेर थंडी आहे.”